प्रतिकारशक्तीची तरबियत

रमजानला आठ-दहा दिवस उरले असताना कुवेतहून सामान आलं. मुलांच्या अब्बांच्या खोलीतले एक गृहस्थ सुट्टीवर गावी येत होते, त्यांच्या हाती पाठवलेलं. खजूर, दूध पावडरचा डबा, सासूबाईंसाठी नवीन मुसल्ला आणि सगळ्यात खाली टॉवेलात गुंडाळलेलं औषधाचं एक लहानसं खोकं. रात्री व्हिडिओ कॉलवर ते म्हणाले, "इथे बरेच जण मुलांना हे देतात. प्रतिकारशक्ती वाढते. उद्यापासूनच सुरू कर."

खोक्यातली घडी घातलेली माहितीपत्रिका मी उघडली. एका बाजूला अरबी, एका बाजूला इंग्रजी. औषधाचं नाव ब्रॉन्को-व्हॅक्सोम, स्वित्झर्लंडमध्ये तयार झालेलं. आत काय आहे ते वाचू लागले आणि माझा हात थांबला. जीवाणूंच्या नावांची यादी होती. त्यातलं एक न्यूमोनियाचं, एक घसा सुजवणारं, एक जखमेत पू करणारं. ज्या जंतूंपासून मुलाला वाचवण्यासाठी मी दोन वर्षं धावत होते, तेच कॅप्सूलमध्ये भरून त्याच्या तोंडात घालायचे?

आमचा धाकटा तेव्हा चार वर्षांचा होता. बालवाडीत जायला लागल्यापासून त्याचं आजारपण संपतच नव्हतं. सर्दी व्हायची, दोन दिवसांत ती छातीत उतरायची, रात्रभर खोकला, मग ताप. आठ दिवस बरे गेले की पुन्हा तेच. आदल्या पावसाळ्यात तो पाच वेळा तापाने पडला आणि एकदा श्वास इतका वाढला की दोन रात्री दवाखान्यात काढाव्या लागल्या. सलाईनच्या सुईसाठी त्याचा हात धरून ठेवताना तो माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होता, ती नजर मी विसरू शकत नाही.

आणि एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. प्रत्येक वेळी तालुक्याच्या डॉक्टरांकडे जायला जमायचं नाही. घरात सासूबाई, मोठ्या मुलीची शाळा, एसटीचं वेळापत्रक. मग मी मागच्या वेळच्या अँटिबायोटिकची रिकामी बाटली घेऊन मेडिकलमध्ये जायचे आणि तीच पुन्हा मागून आणायचे. ते द्यायचेही. दोन दिवसांत ताप उतरला की उरलेलं औषध फ्रिजमध्ये. तिसऱ्यांदा असं केलं तेव्हा त्याला जुलाब लागले, पोर अगदी चिपाडासारखं झालं. म्हणून या वेळी, नवऱ्याचा आग्रह असूनही, मी ते औषध सुरू केलं नाही. पिशवीत घातलं आणि बालरोगतज्ज्ञ मॅडमना दाखवायला घेऊन गेले.

मॅडमनी खोकं हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "हे मोठ्यांचं आहे हे कळलं का तुम्हाला?" मोठ्यांच्या कॅप्सूलमध्ये सात मिलिग्रॅम औषध असतं, मुलांच्या कॅप्सूलमध्ये त्याच्या निम्मं, साडेतीन. कुवेतच्या दुकानात घाईघाईनं विकत घेताना कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मी गप्प बसले. परदेशातून आलेली वस्तू चांगलीच असणार, हा आपला समज किती पक्का असतो!

त्यानंतर मी भीत भीत जंतूंचं विचारलं. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबर प्रश्न आहे. यात जंतू आहेत, पण जिवंत नाहीत. नुसते मेलेलेही नाहीत, फोडलेले आहेत."

मग त्यांनी जे समजावलं ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. श्वसनमार्गाच्या आजारात नेहमी सापडणारे आठ जातींचे जीवाणू, त्यांचे एकूण एकवीस वाण, प्रयोगशाळेत वाढवतात. मग अल्कलीसारख्या रसायनानं त्यांच्या पेशी फोडतात आणि उरलेला अर्क वाळवून त्याची पूड करतात. तज्ज्ञांच्या लिखाणात या अर्काला ओएम-८५ म्हणतात. या पुडीतून आजार होऊ शकत नाही, कारण वाढणारं असं त्यात काही उरलेलंच नसतं. उरतात ते जीवाणूंच्या भिंतीचे, प्रथिनांचे तुकडे. शरीराच्या दृष्टीनं ते शत्रूच्या गणवेशाचे तुकडे.

"पण मॅडम, आजार छातीत आणि औषध पोटात, हे कसं?"

यावर त्यांनी मला पोलिओच्या डोसाची आठवण दिली. आशाताई बूथवर बसून मुलांच्या तोंडात दोन थेंब घालायच्या. त्या लसीत दुबळा केलेला पण जिवंत विषाणू असतो, इथे नुसते तुकडे आहेत. हा फरक मोठा आहे. पण वाट एकच, तोंडावाटे आतड्यात. आपल्या शरीराच्या संरक्षक पेशींचा फार मोठा भाग आतड्याच्या भिंतीत मुक्कामाला असतो. लहान आतड्यात या पेशींच्या छोट्या छोट्या वसाहती आहेत. त्यांना पेयर्स पॅचेस म्हणतात. सतराव्या शतकात स्वित्झर्लंडच्याच योहान पेयर नावाच्या वैद्यानं त्यांचं वर्णन केलं, म्हणून हे नाव.

अर्काचे तुकडे तिथे पोहोचले की वसाहतीच्या दारावरच्या खास पेशी त्यांना आत घेतात. आत डेंड्रिटिक पेशी बसलेल्या असतात. त्यांचं काम पाहणी करून खबर देण्याचं. जीवाणूंच्या तुकड्यांची सर्वसाधारण घडण ओळखणारे टोल नावाचे ग्राहक या पेशींवर असतात. या सगळ्या शोधांना २०११ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. डेंड्रिटिक पेशी शोधणारे राल्फ स्टाइनमन मात्र घोषणेच्या तीनच दिवस आधी वारले होते. डेंड्रिटिक पेशी ही खबर लिम्फोसाइट नावाच्या पेशींना देतात. त्या रक्तातून प्रवास करत नाक, घसा, फुप्फुसांच्या ओल्या अस्तरापर्यंत पोहोचतात आणि तिथे आयजीए नावाची प्रतिपिंडं तयार करायला मदत करतात. म्हणजे धडा आतड्यात शिकायचा आणि पहारा छातीत द्यायचा.

माझी आणखी एक शंका होती. मॅडम नेहमी सांगतात की मुलांच्या बहुतेक सर्द्या विषाणूंमुळे होतात, म्हणून अँटिबायोटिकचा उपयोग नाही. मग जीवाणूंचा अर्क विषाणूंवर काय करणार?

मॅडम म्हणाल्या, "आपल्या संरक्षणाचे दोन थर असतात. एक चेहरा ओळखणारा, एक चाहूल ओळखणारा. हा अर्क चाहूल ओळखणाऱ्या थराला जागं ठेवतो. त्यामुळे विषाणू आला तरी इंटरफेरॉनसारखी पहिली मदत लवकर पोहोचते. आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. नियंत्रण ठेवणाऱ्या पेशीही यामुळे सक्रिय होतात असं दिसलंय. तुमच्या मुलाचा निम्मा त्रास जंतूंचा नाही, त्याच्या शरीराच्या अतिरेकी प्रतिक्रियेचा आहे. साधा विषाणू येतो आणि याच्या श्वासनळ्या एवढ्या सुजतात की शिट्टी वाजायला लागते."

हे ऐकताना मला जाणवलं की 'प्रतिकारशक्ती वाढवणं' हा शब्दच आपली दिशाभूल करतो. आपण समजतो, प्रतिकारशक्ती म्हणजे पिंपातलं पाणी, कमी झालं की वरून ओतायचं. पण माझ्या मुलाला ताकद कमी पडत नव्हती, कधी किती चिडायचं हे त्याच्या शरीराला कळत नव्हतं. घरात दोन मुलं वाढवताना आपण काय करतो? कुठे बोलायचं तेही शिकवतो आणि कुठे गप्प बसायचं तेही शिकवतो. याला आपण तरबियत म्हणतो. त्या स्विस पुडीचं काम मला त्या दिवशी या एका शब्दात समजलं.

पण मॅडमनी मला हवेत तरंगू दिलं नाही. म्हणाल्या, "हा चमत्कार नाही." २०१२ साली कॉक्रेन या संस्थेनं मुलांवरच्या अशा औषधांच्या चाचण्या एकत्र करून तपासल्या. वारंवार आजारी पडणाऱ्या मुलांत श्वसनाचे आजार सरासरी चाळीस टक्क्यांनी कमी झालेले दिसले. पण त्याच अहवालात असंही नोंदवलं आहे की बऱ्याच चाचण्यांचा दर्जा फारसा चांगला नव्हता. तुर्कस्तानात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, छातीत वारंवार शिट्टी वाजणाऱ्या लहान मुलांचे झटके ओएम-८५ मुळे साधारण अडतीस टक्क्यांनी घटले. तर २०१९ साली युरोपच्या औषध नियामक संस्थेनं अशा सगळ्या औषधांचा फेरविचार करून बजावलं, की ही औषधं वारंवार होणारे श्वसनाचे आजार टाळण्यासाठीच वापरावीत. झालेला आजार बरा करण्यासाठी नाही आणि न्यूमोनिया टाळण्यासाठीही नाही. कंपन्यांनी आणखी चांगले पुरावे आणावेत असंही सांगितलं.

"म्हणजे द्यावं की न द्यावं?" मी सरळ विचारलं.

"तुमच्या मुलासाठी देऊन बघण्यासारखं आहे," त्या म्हणाल्या. "वर्षाला सहा-आठ सर्द्या या वयात होतातच, त्यासाठी मी हे लिहिणार नाही. पण हा त्यापेक्षा फार जास्त आजारी पडतो आणि त्याची छाती भरते. मात्र औषध योग्य मात्रेचं हवं. आणि त्याआधी घरातलं काय काय त्याला त्रास देतंय ते सांगा."

मग त्यांनी एकेक करून विचारलं. घरात कुणी विडी-सिगारेट ओढतं का? नाही. चूल? पाणी तापवायला, परसात. आणखी कसला धूर? मी जरा घुटमळले. आमच्याकडे दर जुमेरातीला मगरीबनंतर सासूबाई लोबान करतात. निखाऱ्यांवर लोबान टाकून धुपाटणं घरभर फिरवतात, आणि मुलगा आजारी असेल तर नजर लागली म्हणून खास त्याच्या अंगावरून. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "वहिनी, तुम्ही एका हातानं औषध देणार आणि दुसऱ्या हातानं धूर?"

परत येताना एसटीत मला औषधापेक्षा याचीच काळजी जास्त होती. सासूबाईंना हे सांगायचं कसं? लोबान त्यांच्या सासूपासून चालत आलेला. त्यात त्यांची माया होती, मरहूम सासऱ्यांची आठवण होती.

घरी आल्यावर आधी औषधाचा विषय निघाला. सासूबाईंनी कॅप्सूल चष्म्याजवळ धरून बघितली आणि विचारलं, "याचं वरचं कवच कशाचं गं? जिलेटिन असतं ना? कुठल्या जनावराचं?" हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. आपल्या घरांत तो साहजिक आहे आणि तो विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या की लहान मुलाला कॅप्सूल गिळता येत नाहीच, ती उघडून आतली पूड पाण्यात किंवा दुधात मिसळून द्यायची असते. कवच टाकूनच द्यायचं. सासूबाईंचं समाधान झालं. मग स्वतःच म्हणाल्या, "इलाज करणं सुन्नत आहे बेटा. शिफा देणारा अल्लाह आहे, पण दवा आपण शोधायची."

मला तोच धागा सापडला. मी म्हटलं, "अम्मी, डॉक्टरांनी अजून एक दवा सांगितलीय. तिला पैसे पडत नाहीत. लोबान बंद करायचा."

त्या काही बोलल्या नाहीत. उठून आत गेल्या. दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी जुमेरात होती. मगरीबची नमाज झाली, मी धसकून वाट बघत होते. सासूबाईंनी धुपाटणं घेतलं, त्यात निखारे घातले आणि दार उघडून थेट परसातल्या फणसाखाली नेऊन ठेवलं. आत येऊन नातवाला मांडीवर घेतलं, कुल पढून त्याच्यावर दम केला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "नजर उतरायला धूर लागतोच असं नाही." माझे डोळे भरून आले.

मुलांच्या मात्रेचं खोकं दुसऱ्या एका गाववाल्याबरोबर रमजानच्या पहिल्या आठवड्यात आलं. महिन्यातले दहा दिवस रोज सकाळी उपाशीपोटी एक कॅप्सूल, मग वीस दिवस काही नाही, असे सलग तीन महिने. पहिले दहा दिवस रमजानमध्येच आले. सहरी उरकून, फजर पढून मी पूड पाण्यात ढवळायचे. तो झोपेतच पिऊन टाकायचा आणि मोठ्या ऐटीत बहिणीला सांगायचा, "माझी पण सहरी झाली." मॅडमनी मुद्दाम ही वेळ निवडली होती, म्हणजे तीन फेऱ्या पावसाच्या आणि शाळेच्या आधी पुऱ्या होतील. पहिल्या दोन दिवशी त्याचं पोट थोडं बिघडलं, मग काही नाही.

दुसऱ्या फेरीच्या मध्येच त्याला सर्दी झाली. लगेच कुवेतहून फोन, "औषध चालू असताना सर्दी? मग रोज दोन दे." मी स्पष्ट नाही म्हटलं. हे औषध चालू सर्दीवर नाही आणि जास्त दिल्यानं जास्त उपयोग होत नाही, हे मी त्यांना समजावलं. दोन वर्षांपूर्वीची मी असते तर दोन दिल्या असत्या आणि मेडिकलमधून बाटलीही आणली असती. या वेळी वाफ, पातळ पेज आणि भरपूर पाणी दिलं. चौथ्या दिवशी तो अंगणात खेळत होता. मे महिन्यात मॅडमच्या सांगण्यावरून फ्लूची लसही दिली. न्यूमोकोकलची लस त्याला बाळपणीच सरकारी दवाखान्यात मिळालेली होती. त्या पुन्हा पुन्हा सांगत, "हा अर्क लसींच्या जागी नाही, त्यांच्या जोडीला आहे."

पाऊस सुरू झाला. ढग गडगडले की माझ्या पोटात गोळा यायचा. जून, जुलै, ऑगस्ट. तीन महिन्यांत तो दोनदा आजारी पडला. एकदा नुसती सर्दी, एकदा ताप आणि खोकला. छातीत शिट्टी एकदाच वाजली, तीही पंपाने आवरली. दवाखान्यात झोपावं लागलं नाही. अँटिबायोटिकची एकही बाटली घरात आली नाही. अलहम्दुलिल्लाह.

हे सारं त्या पुडीमुळे झालं का? नवरा म्हणतो, हो. सासूबाई म्हणतात, दुआ. मी मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "एका मुलावरून कुणालाच सांगता येणार नाही." तो एक वर्षानं मोठा झाला होता, आणि वय वाढतं तशी मुलं कमी आजारी पडतातच. लोबान घराबाहेर गेला होता. फ्लूची लस झाली होती. उगाच दिलेली अँटिबायोटिक्स बंद झाली होती. आतड्यात आपल्या उपयोगाचे असंख्य जीवाणू राहतात आणि तेही रोज शरीराला शिकवत असतात. मी दर वेळी बाटली ओतून त्या शिक्षकांनाच हाकलत होते. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली.

त्याच भेटीत मॅडमनी अमेरिकेतल्या दोन शेतकरी समाजांची गोष्ट सांगितली. इंडियानातले आमिश आणि साउथ डकोटातले हटराइट. दोघांचे पूर्वज युरोपातून आलेले, राहणी बरीचशी सारखी. पण आमिश लोक घोड्यांनी शेती करतात आणि त्यांची मुलं लहानपणापासून गोठ्यात वावरतात. हटराइटांची शेती मोठी, यंत्रांची, घरापासून दूर. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार आमिश मुलांत दमा सुमारे पाच टक्के, तर हटराइट मुलांत एकवीस टक्के. आमिश घरांतली धूळ उंदरांच्या नाकात दिली तर त्यांचाही दम्यापासून बचाव झाला. गोठ्यातल्या जीवाणूंचे तुकडे आमिश मुलांना श्वासातून मिळत असतात आणि कॅप्सूलमधून द्यायचे तेही असेच तुकडे. मला माझ्या माहेरच्या शेळ्या आठवल्या. मोठी मुलगी पहिली दोन वर्षं नानीकडे त्या शेळ्यांमध्ये वाढली. धाकटा मात्र टाइल्सवर, फिनेलच्या वासात वाढला. यातून मी काही सिद्ध करत नाही. आणि याचा अर्थ हात धुऊ नयेत किंवा गटाराच्या पाण्यात मुलांना सोडावं असाही नाही. वुजूची सवय ही रहमतच आहे. पण आता शाळेच्या सुट्ट्या आम्ही नानीकडे काढतो आणि शेळीचं करडू कुशीत घेतलं म्हणून मी ओरडत नाही.

भगिनींनो, हे वाचून कुणी लगेच परदेशातून खोकं मागवू नये, म्हणून दोन शब्द. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला हे औषध देत नाहीत. ज्यांना शरीर स्वतःवरच उलटतं असे आजार आहेत, ज्यांना औषधांची ॲलर्जी आहे, त्यांनी डॉक्टरांना सांगितल्याशिवाय हात लावू नये. लसीची तारीख जवळ असेल तर तेही सांगावं. आणि खोक्यावरची मात्रा स्वतःच्या डोळ्यांनी वाचावी. आपल्या घरातला माणूस परक्या मुलखात घाम गाळून मायेनं औषध पाठवतो. त्याच्या मायेचा मान राखूनही औषधाची चौकशी करता येते.

मोठ्यांचं ते पहिलं खोकं अजून कपाटात होतं. मुदत संपली तेव्हा मी ते टाकून दिलं. फ्रिजमधल्या अर्ध्या बाटल्या त्याआधीच गेल्या होत्या. काल जुमेरात होती. फणसाखाली लोबानचा धूर सरळ वर जात होता आणि धाकटा ओटीवर बसून दादीकडून कुल पाठ करत होता. मध्येच एकदा खोकला. मी आणि सासूबाई, दोघींनी एकदम मान वळवून बघितलं. त्याला नुसता ठसका लागला होता.

अल्लाह सर्वांच्या मुलांना शिफा आणि आफियत देवो, आणि आपल्याला त्यांची तरबियत करण्याची समज देवो. आमीन.